नऊ खोबणींची पाटी

मित्रांनो, नवखा माणूस मला पहिल्यांदा पाहतो तेव्हा हमखास हसतो. बंदुकांच्या दुकानात, काचेच्या कपाटावर, हातभर लांबीचा हा लाकडाचा तुकडा कशाला ठेवला आहे, हे त्याला कळत नाही. मग तो जवळ येतो आणि मोजू लागतो. माझ्या अंगावर एका ओळीत खोबणी आहेत आणि त्यांतल्या नऊ खोबणींत पिस्तुलाचे एकेक काडतूस उभे आहे. डावीकडचे पेन्सिलीहून बारीक, उजवीकडचे बोटाच्या पेराएवढे जाड. घाबरू नका, ती सगळी रिकामी आहेत. आत दारू नाही आणि बुडाची टोपी कधीच फुटून गेली आहे. पण खरी आणि खोटी यांतला फरक लांबून कळत नाही, म्हणून घरात कुठे असे काही पडलेले दिसले तर हात लावू नका आणि मोठ्यांना बोलवा. एवढे आधीच सांगून टाकते, कारण पुढे गोष्ट रंगली की मी विसरून जाते.

मी राहते अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, सायप्रस फोर्क नावाच्या गावात, ऑर्व्हल टीगच्या दुकानात. लाकूड अक्रोडाचे, चांगल्या जातीचे. खरे तर मी शिकारीच्या बंदुकीचा दस्ता व्हायची होते. पण तासताना माझ्या पोटात एक चीर निघाली आणि ऑर्व्हलने नाक मुरडून मला शेगडीखाली भिरकावले. तिथे मी दोन हिवाळे धूळ खात पडले होते. जळणात जायची वेळ येणार, हे मी धरूनच चालले होते.

त्या काळी ऑर्व्हलची एक पद्धत होती. गिऱ्हाईक दारातून आत आले की तो त्याच्याकडे डोळे बारीक करून बघायचा आणि मनातल्या मनात त्याला गोळीच्या जाडीचा एक आकडा देऊन टाकायचा, कधी मिलिमीटरमध्ये तर कधी इंचाच्या भागांत. याला नऊ मिलिमीटर, त्याला चाळीस, हिला अडतीस. डॉक्टर नाडी बघतो त्या रुबाबात. पेट्रोल पंपावर एकटी बसणाऱ्या वांडाला त्याने असेच पंचेचाळीसचे पिस्तूल दिले. "मोठं भोक, मोठा धाक," असे म्हणून दिले. ते पिस्तूल विटेसारखे जड होते. वांडाच्या ॲप्रनचा खिसा लोंबायचा, कंबर दुखायची. आठवड्याभरात ते स्वयंपाकघराच्या खणात जाऊन पडले. मग एके दुपारी एक माणूस हातोडी घेऊन पंपावर आला, तेव्हा ते पिस्तूल सहा मैलांवर चमच्यांच्या शेजारी पडलेले होते. वांडा वाचली, पण डाव्या डोळ्याने तिला पुन्हा नीट दिसले नाही.

महिन्याभराने ती दुकानात आली आणि तिने पिस्तूल काचेवर ठेवले. ती म्हणाली, "ऑर्व्हल, बंदुकीत खोट नाही. पण ती माझ्याबरोबर कामावर यायलाच तयार नव्हती."

त्या दिवशी ऑर्व्हलने दुकान दुपारीच बंद केले. शेगडीखाली हात घालून त्याने मला बाहेर ओढले, धूळ पुसली आणि नऊ भोके पाडली. तेव्हापासून त्याने गिऱ्हाइकाला आकडा देणे सोडले. तो मला पुढे सरकवतो आणि प्रश्न विचारतो. ठरलेले तीन प्रश्न आहेत: हाताला झेपेल का? रोज जवळ बाळगशील का? सराव करशील का?

मला सगळ्यात गंमत वाटते ती आकड्यांची. माझ्याच अंगावर उभे आहेत, म्हणून मला त्यांची अंडीपिल्ली ठाऊक आहेत. अडतीस आणि तीनशे सत्तावन्न हे दोघे ऐकायला केवढे वेगळे वाटतात! प्रत्यक्षात दोघांच्या गोळीची जाडी सारखीच, सत्तावन्नवाला नुसता उंच आहे आणि त्याच्या पोटात दारू जास्त मावते. तीनशे ऐंशी आणि नऊ मिलिमीटर यांचेही तसेच, सख्खे भाऊ असून आडनावे निराळी. माणसे मात्र या आकड्यांवरून भांडतात. माझ्यासमोरच्या बाकावर रोज सकाळी चार-पाच म्हातारे कॉफी पीत बसतात आणि गेली वीस वर्षे एकच वाद घालतात. कुणाचेही मत आजवर तसूभर हललेले नाही. मी मात्र रोज कान टवकारून ऐकते. माणूस नवाची बाजू का घेतो आणि पंचेचाळीसची का, याचा छडा लावायचा मला नादच लागला आहे. बहुतेकदा असे निघते, की त्याच्या बापाकडे तीच होती.

बाकावरचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा गडी म्हणजे हॉइट. सैन्यातून निवृत्त झालेला, पंचेचाळीसचा कट्टर भक्त. त्याची बहीण नेल्डा हिची ही गोष्ट आहे.

नेल्डा गावाबाहेर खडीच्या रस्त्याच्या शेवटच्या घरात राहते. तिने कोंबड्यांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षे काम केले. पट्ट्यावरून येणाऱ्या कोंबडीचे हाड सोडवायचे, मिनिटाला पस्तीस. त्यात तिच्या मनगटांची वाट लागली होती. बरणीचे झाकणही तिला दाताखाली फडके धरून उघडावे लागे. घरात ती आणि तिची सात वर्षांची नात टेसा अशा दोघीच होत्या. टेसाची आई, म्हणजे नेल्डाची मुलगी, मोठा ट्रक चालवते, महिन्यातले वीस दिवस बाहेर. आणि टेसाचा बाप, ड्वेन, त्या वसंतात तुरुंगातून सुटला होता. बायकोचा जबडा मोडला म्हणून आत गेला होता. घराच्या आसपास फिरकायचे नाही, असा कोर्टाचा हुकूम असताना तो दोनदा नेल्डाच्या फाटकापर्यंत येऊन गेला होता. पोरीला घेऊन जाणार, असे तो सगळ्या गावाला सांगत फिरत होता.

हे सगळे बाकावरच्या प्रत्येकाला माहीत होते. पण मित्रांनो, आमच्या गावाची एक रीत आहे. दुसऱ्याच्या घरातली भानगड दुकानात तोंडावर काढायची नाही. बंदुकीवर तासभर बोलतील, हवेवर दोन तास बोलतील, पण त्या गोष्टीचे नाव कुणी घेणार नाही. त्याला इथे सभ्यपणा म्हणतात.

हॉइटने बहिणीला वाढदिवसाला रिव्हॉल्व्हर दिले होते. अडतीसचे, इवलेसे, पिसासारखे हलके आणि गुलाबी मुठीचे. बायकांसाठी छोटी आणि हलकी बंदूक घ्यायची, ही इकडच्या पुरुषांची आवडती चूक आहे. बंदूक जितकी हलकी, तितका सगळा झटका हाताला बसतो, हे त्यांच्या लक्षातच येत नाही. नेल्डाने पाच गोळ्या झाडल्या आणि आठवडाभर तिला हातात काटाचमचा धरता आला नाही. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मागून हॉइटही आला.

"ऑर्व्हल, हिला काहीतरी दणदणीत दाखव," हॉइट म्हणाला. "उगाच खेळणी नकोत."

ऑर्व्हलने कॉफीचा एक कप काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात दिला. हीसुद्धा या दुकानातली पद्धत आहे. बरोबर आलेल्या माणसाने बाकावर बसायचे आणि मध्ये तोंड घालावेसे वाटले की कॉफीचा घोट घ्यायचा.

"अरे, पण मी तिचा थोरला भाऊ आहे!"

"म्हणून तर मोठा कप दिलाय. पी."

नेल्डा खुदकन हसली. मग तिने माझ्यावरची काडतुसे एकेक करून उपसली, तळहातावर घेतली, परत ठेवली. तिची बोटे वाकडी झाली होती, पण स्पर्श फार हळुवार होता. तिने मला उलटी करून माझी चीरही पाहिली. इतकी वर्षे कुणी तसे केले नव्हते.

"हे आकडे राहू देत," ती म्हणाली. "तू मला सांग, हे हात कुठल्या बंदुकीला चालतील?"

ऑर्व्हलने रिकामी पिस्तुले एकामागून एक काढली. नऊ मिलिमीटरचा वरचा सरकता भाग तिला ओढता येईना. तीनशे ऐंशीचाही अर्ध्यावर अडकला. तिने दात आवळले, डोळ्यांत पाणी आले, तरी ओढत राहिली. मला तिची फार दया आली. शेवटी ऑर्व्हलनेच तिच्या हातातून ते काढून घेतले आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक जुने रिव्हॉल्व्हर काढले. बत्तीसचे, सबंध पोलादी, सहा गोळ्यांचे. कुणा रखवालदाराने आयुष्यभर वापरलेले. वापरून वापरून त्याचा चाप लोण्यासारखा झाला होता.

हॉइटने घाईघाईने घोट घेतला, पण त्याला राहवेना. "बत्तीस? अगं, त्याने डास लंगडा होईल फार तर!"

"कप रिकामा झाला वाटतं तुझा," ऑर्व्हल म्हणाला.

दुकानामागे मातीचा बांध आहे. तिथे सात पावलांवर कागदी ताटली लावतात. मी खिडकीतून पाहत होते. हॉइटच्या हट्टाखातर नेल्डाने आधी त्याच्या पंचेचाळीसने सहा गोळ्या झाडल्या. एक ताटलीला लागली, बाकीच्या पाच बांधाच्या नशिबी गेल्या. मग बत्तीसने सहा झाडल्या. सहाच्या सहा ताटलीत. ती स्वतःच ताटलीकडे बघत राहिली, जशी काही ती दुसऱ्या कुणाची असावी.

"हॉइट," ऑर्व्हल म्हणाला, "तुझं भोक मोठं, कबूल. पण ते मातीत पडलं."

हॉइटने टोपी काढून डोके खाजवले. "माती मात्र चांगली मेली," तो म्हणाला आणि तिघेही हसले. मीही हसले असते, तोंड असते तर.

ऑर्व्हलने तीन प्रश्न विचारले. हाताला झेपेल? झेपेल. रोज जवळ बाळगशील? नेल्डाने ॲप्रनला चामड्याचा खिसा शिवून घ्यायचे कबूल केले. एरवी लोखंडी पेटीत कुलपात, टेसाच्या हाती लागता कामा नये, हेही ठरले. सराव करशील? दर गुरुवारी. आणि खरोखरच ती दर गुरुवारी यायची. येताना जर्दाळूच्या तळलेल्या करंज्या घेऊन यायची आणि जाताना भोके पडलेली ताटली घेऊन जायची. उन्हाळ्याच्या शेवटी तिच्या सहा भोकांवर एक कप झाकून ठेवता यायचा. ऑर्व्हलला तिचा एवढा अभिमान, की येणाऱ्या-जाणाऱ्याला तो तिची ताटली दाखवायचा. मलाही वाटले, चला, आपण बरोबर माणसाला बरोबर काडतूस दाखवले. मला घडवताना वांडाचे जे ओझे ऑर्व्हलच्या मनावर होते ते थोडे हलके झाले.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी नेल्डा सकाळीच आली. हातात करंज्या नव्हत्या. बाकावर हॉइट एकटाच होता. ती उभीच राहिली.

"काल ड्वेन आला होता," ती म्हणाली.

हॉइट ताडकन उठला. "टेसा?"

"बरी आहे. सगळे बरे आहेत. बस."

मग तिने सांगितले. दुपारी ती अंगणात कपडे वाळत घालत होती. ड्वेन फाटक उघडून सरळ आत आला. ती पोर्चच्या पायऱ्यांवर चढली आणि तिने रिव्हॉल्व्हर काढले.

"हात कापला नाही," ती ऑर्व्हलला म्हणाली. "तू शिकवलंस तसं सगळं झालं. सात पावलं. त्याच्या शर्टावर मला ती ताटली दिसत होती. मी म्हटलं, पुढे येऊ नकोस. तो थांबला. आणि तेवढ्यात माझ्या मागे जाळीच्या दारातून टेसा म्हणाली, 'डॅडी?'"

ऑर्व्हलने हातातले फडके खाली ठेवले.

"तो खाली वाकला, हात पसरले, म्हणाला, 'ये गं बाळा.' आणि माझं बोट चापावर. मला एकदम दिसलं, की मी आता चाप ओढला तर ही पोर उद्या माझ्या टेबलावर नाश्त्याला बसेल. परवाही बसेल. मोठी होईपर्यंत बसेल. आणि मी तिला दूध ओतत असताना माझ्या या हाताकडे बघेल." तिने हात काचेवर ठेवला, माझ्या शेजारी. "मला नाही ओढता आला. मी टेसाला उचललं, आत गेले, कडी लावली, शेरीफच्या पोलिसांना फोन केला. त्याने चाकाच्या पान्याने स्वयंपाकघराची खिडकी फोडली. शेरीफचा माणूस यायला अकरा मिनिटं लागली. अकरा मिनिटं मी पोरीला पाठीशी घेऊन कोपऱ्यात उभी होते, आणि त्यांनी त्याला पकडलं तेव्हा तो कंबरेपर्यंत खिडकीच्या आत आला होता. अजून जरा आत आला असता तर मी काय केलं असतं, मला अजून माहीत नाही."

हॉइटचा चेहरा लाल झाला होता. "मी तेव्हाच म्हटलं होतं," तो म्हणाला, "पंचेचाळीस असती तर नळीचं तोंड बघूनच पळाला असता."

नेल्डा त्याच्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिने. "हॉइट, तो नळीकडे बघतच नव्हता रे. तो टेसाकडे बघत होता."

हॉइट खाली बसला.

"तुम्ही दोघांनी मला सगळं विचारलंत," ती म्हणाली. "हात कसे आहेत, कंबर कशी आहे, सराव करशील का, बत्तीस की अडतीस. पूर्ण उन्हाळा आपण या गोळ्यांवर बोललो. ड्वेनचं नाव घेतलं का कुणी? एकदा तरी? समोर कोण उभा असेल, हे विचारलंत मला?"

"मला वाटलं, तुझ्या घरातला मामला," ऑर्व्हल खाली बघत म्हणाला. "आपण कशाला..."

"माझ्या घरातलाच होता ना. म्हणूनच विचारायला हवं होतं." मग ती जरा नरम झाली. "मीही नाही काढला विषय. गोळ्यांवर बोलणं सोपं जात होतं. पण त्याच्यावर चाप ओढता येईल का, याचं उत्तर मला पोर्चवर शोधावं लागलं, ऑर्व्हल. पोरीसमोर. इथे उभ्या उभ्या शोधता आलं असतं. मग खिडकीला गज बसवले असते, दार बदललं असतं, पोरीला तिच्या आईबरोबर ट्रकवर पाठवलं असतं. कदाचित ही बंदूक घेतलीच असती, कदाचित नसती."

रिव्हॉल्व्हर परत करतेस का, असे ऑर्व्हलने विचारले. तिने नकारार्थी मान हलवली. ती गज बसवणाऱ्याकडे चालली होती. हॉइट तिच्याबरोबर गेला, आणि जाताना त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली.

मित्रांनो, मला त्या दिवशी माझीच लाज वाटली. सगळ्यात चौकस म्हणून मी स्वतःला मिरवत होते. कोण कुठला आकडा निवडतो, का निवडतो, याचा छडा लावण्यात माझी वीस वर्षे गेली. आणि आकडा निवडायला माणूस मुळात का आला आहे, कुणाच्या भीतीने आला आहे, हे मी कधी मनातही विचारले नव्हते. तो सभ्यपणा मलाही चिकटला होता.

त्या दुपारी ऑर्व्हलने पुन्हा दुकान बंद केले आणि मला उचलले. माझ्या डाव्या टोकाला, सगळ्यात बारक्या काडतुसाच्याही आधी, थोडे मोकळे लाकूड होते. तिथे त्याने दहावे भोक पाडले. फार दुखले नाही. भुसा फुंकून काढला, कडा घासल्या आणि मला जागेवर ठेवले. त्या खोबणीत त्याने काहीच उभे केले नाही. आता गिऱ्हाईक आले की त्याचे बोट आधी तिथेच जाते. रिकामी जागा दिसली की माणसाला राहवतच नाही.

माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. मोठे झाल्यावर तुमच्यावर कुणाला घाबरायची वेळ येऊ नये. पण आलीच, तर त्या माणसाचे नाव आधी कुणापाशी तरी मोठ्याने घ्या. आणि दुसरा कुणी घाबरलेला दिसला, तर सभ्यपणा बाजूला ठेवून त्याला ते नाव विचारा. उत्तर मिळेपर्यंत माझ्यासारख्या पाटीला हात लावायची घाई करू नका.

परवाच एक तीस-बत्तीस वर्षांचा माणूस आला होता. उंचापुरा, तेलविहिरीवर काम करणारा, हसतमुख. त्याने चाळीसचे काडतूस उचलले, हातावर खेळवले, आणि मग त्याचे बोट रिकाम्या खोबणीवर गेले.

"मिस्टर टीग, यात कुठली बसते?"

"ते तू सांगायचं," ऑर्व्हल म्हणाला. "तू हे विकत घेतोयस, तेव्हा डोळ्यांसमोर कोण उभं असतं तुझ्या?"

तो माणूस हसला. "कोण असणार? कुणीही. चोरबीर."

ऑर्व्हलने मला तिथेच राहू दिले. त्या माणसाचे बोट माझ्या खोबणीच्या काठावरून गोल गोल फिरत राहिले आणि हळूहळू त्याचे हसू ओसरले. मग त्याने चाळीसचे काडतूस जागच्या जागी ठेवले आणि डोक्यावरची टोपी काढली.

"माझा धाकटा भाऊ," तो म्हणाला.

ऑर्व्हलने त्याच्यासाठी स्टूल ओढले.